पॅलिएटिव्ह केअरवर देशपातळीचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच कळेल. तुम्ही इंदूरला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करताय, डिझर्टेशनचा विषय घेतलाय 'भारताच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेतल्या पॅलिएटिव्ह केअर सेवा', म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी देखभाल, हातात सहा महिने आहेत. एका ब्रिटिश पेपरमधली प्रश्नावली सापडलीये, ती गूगल फॉर्ममध्ये टाकून सगळ्या राज्यांतल्या जिल्हा हॉस्पिटलांना मेल करायची असं ठरवलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीये, की मागच्या वर्षी आजोबा गेले, शेवटचे दोन महिने त्यांना फार दुखत होतं आणि कोणाला विचारायचं हेच घरात कोणाला माहीत नव्हतं.

मला वाटतं तुमचा खरा विषय त्या शेवटच्या ओळीत आहे. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं वेष्टन आहे.

मी कोण ते सांगते, कारण सल्ला कोण देतंय हे माहीत असायला हवं. मी नर्स आहे, इंदूरचीच, गेली वीसेक वर्षं घरभेटींचं काम करते, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या माणसाच्या घरी जाऊन दुखणं, जखम, श्वास, खाणं, झोप, सगळं बघायचं आणि घरच्यांना शिकवायचं. मधल्या काळात दोन मोठ्या सर्व्हेंसाठी वेगवेगळ्या राज्यांत डेटा गोळा करायला फिरले. त्यामुळे फॉर्म भरून घेणारीही मी होते आणि त्या फॉर्ममधला 'रुग्ण' जिथे राहतो तिथे जाणारीही मीच.

आता मुद्द्यावर येते. 'देशाची आरोग्य व्यवस्था' असं आपण एका दमात म्हणतो, पण आपल्या राज्यघटनेत आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. केंद्राने २०१२ मध्ये राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आणला खरा, पण त्याला वेगळं स्वतःचं बजेट नाही. तो नॅशनल हेल्थ मिशनच्या फ्लेक्सिबल पैशांत बसवलेला आहे. म्हणजे प्रत्येक राज्याने आपल्या वार्षिक आराखड्यात, ज्याला पीआयपी म्हणतात, त्यात पॅलिएटिव्हसाठी मागणी टाकायची, मग केंद्र किती मंजूर करतंय ते ठरणार, आणि मंजूर झालेल्यात बहुतेक राज्यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांत ९० आणि १०. ज्या राज्याने मागितलंच नाही त्याला मिळणार नाही. म्हणून एका देशाचा अभ्यास करतोय असं वाटत असलं तरी तुम्ही प्रत्यक्षात पंचवीस-तीस वेगळ्या व्यवस्थांचा अभ्यास करायला निघालाय, आणि सहा महिन्यांत एक फॉर्म पाठवून तो होत नाही.

फॉर्मबद्दलच बोलू आधी. पहिल्या सर्व्हेत आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, 'आपल्या संस्थेत पॅलिएटिव्ह केअर सेवा उपलब्ध आहे का, हो किंवा नाही.' एका राज्यातल्या एका जिल्हा हॉस्पिटलने 'हो'वर टिक केली होती. मी तिथे गेले तेव्हा खरंच एक खोली होती, दारावर पाटी, आत चार खाटा, भिंतीवर दुखण्याचे चेहरे काढलेलं पोस्टर. मॉर्फिन, म्हणजे फार दुखत असेल तर द्यायचं अफूपासूनचं औषध, ते आहे का विचारलं तर म्हणाले आहे, डबल लॉकच्या कपाटात आहे. दाखवता का म्हटलं, तर कपाटाची चावी एका सिस्टरकडे आणि त्या सिस्टर अकरा दिवसांपासून रजेवर, दुसऱ्या कोणाच्या नावावर चार्ज दिलेला नाही. रजिस्टर बाहेर होतं, ते बघितलं, शेवटची नोंद साडेतीन महिन्यांपूर्वीची. कोणी खोटं बोलत नव्हतं हो. खोली आहे, औषध आहे, ट्रेनिंग झालेल्या डॉक्टर आहेत, कागदावर सेवा पूर्ण आहे. पण त्या साडेतीन महिन्यांत त्या जिल्ह्यात कोणाला दुखलंच नाही असं थोडंच आहे.

तेव्हापासून मी 'आहे का' हा प्रश्नच सोडून दिला. 'शेवटचं कधी' असं विचारते. मॉर्फिन शेवटचं कोणत्या तारखेला दिलं. शेवटची घरभेट कोणत्या दिवशी झाली, कोण गेलं होतं, कशाने गेलं होतं. ट्रेनिंग शेवटचं कधी झालं आणि ज्यांचं झालं ते आज याच ठिकाणी आहेत का, कारण बदल्या होतात आणि ट्रेनिंग माणसाबरोबर निघून जातं. हा एवढा एक बदल तुम्ही प्रश्नावलीत केलात ना, तरी तुमचा डेटा वेगळाच दिसायला लागेल. तारीख सांगायची म्हटली की माणूस रजिस्टर उघडतो, आणि एकदा रजिस्टर उघडलं की पुढचं बोलणं खरं होतं.

आता ती ब्रिटिश प्रश्नावली. ती वाईट नाहीये, पण ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन आपल्याकडे नाही. तिकडे जवळजवळ प्रत्येक माणसाचं नाव कुठल्यातरी जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, यादीत असतं आणि पॅलिएटिव्ह गरज असलेल्यांचं रजिस्टर जीपीने ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे 'तुमच्या रजिस्टरवर किती रुग्ण' या प्रश्नाला तिथे अर्थ आहे. आपल्याकडे ती यादी कोणाकडे असेल? असलीच तर आशाताईंच्या डायरीत. कोणाकडे कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचा मुलगा पुण्याला आहे आणि घरी म्हातारीच म्हाताऱ्याचं करतेय, हे त्यांना पाठ असतं. आयुष्मान भारतखाली जी हेल्थ अँड वेलनेस सेंटरं झाली, ज्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह केअर ही एक सेवा लिहिलेली आहे, आणि तिच्या गाइडलाइननुसार घरोघरी जाऊन असे रुग्ण शोधायचं काम आशा आणि एएनएमनेच, म्हणजे गावपातळीच्या सरकारी नर्सनेच, करायचं आहे, वर सीएचओ, म्हणजे त्या केंद्राचे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. म्हणजे तुमच्या प्रश्नावलीचा पत्ता जिल्हा हॉस्पिटल असेल तर तुम्ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करताय.

मग बरोबर टोक कोणतं? माझं उत्तर असं, की घरापासून सुरू करा आणि दुखणं थांबवणाऱ्या गोळीचा माग उलट काढत जा. एका आजारी माणसाच्या उशाशी मॉर्फिनची गोळी पोचते किंवा पोचत नाही, तर ती कुठे अडली हे शोधत गेलात की सगळी व्यवस्था आपोआप दिसते. आणि आपण माळव्यातली माणसं, आपल्याला तर हे जास्त लागायला हवं. नीमच-मंदसौर-रतलामच्या पट्ट्यात सरकारी परवान्यावर अफू पिकते, जानेवारी-फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांची शेतं रस्त्यावरून दिसतात, आणि नीमचला सरकारी अफू आणि अल्कलॉइड कारखाना आहे, देशात असे दोनच, दुसरा गाझीपूरला. मॉर्फिन त्या अफूतूनच निघतं. डिंकाच्या रूपातली अफू कायदेशीरपणे निर्यात करणारा भारत जगात एकटा देश आहे. इंदूरहून गाडीने चार-पाच तासांवर हे सगळं होतं आणि तुमच्या आजोबांच्या घरात एक गोळी नव्हती.

का नव्हती, याचं एक मोठं उत्तर कायद्यात आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, आला तो नशेच्या व्यापाराला आळा घालायला, पण त्यात हॉस्पिटलंही अडकली. मॉर्फिन ठेवायला, आणायला, न्यायला वेगवेगळे परवाने, ते वेगवेगळ्या खात्यांचे, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. चूक झाली तर शिक्षा कडक, म्हणून डॉक्टर आणि दुकानदार त्या वाटेलाच जाईनात. एक अख्खी पिढी डॉक्टरांची मॉर्फिनची गोळी हातात न घेता निवृत्त झाली. २०१४ मध्ये कायदा बदलला, मग मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन अशी सहा औषधं 'आवश्यक नार्कोटिक औषधं' ठरली. आता हॉस्पिटलला राज्याच्या ड्रग कंट्रोलरकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणजे आरएमआय म्हणून मान्यता घ्यावी लागते आणि त्यासाठी वेदनाशमनाचं ट्रेनिंग झालेला निदान एक डॉक्टर लागतो. कायद्याचं काम झालं, पण डॉक्टरच्या मनातली भीती तशीच आहे, आणि औषध लिहून द्यायला शिकवलेलंच नसेल तर परवाना असून काय होणार. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हा विषय नीट आला तो २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून, म्हणजे ती मुलं आत्ता कुठे कामाला लागताहेत.

म्हणून मी कुठल्याही जिल्ह्यात तीन गोष्टी शोधते. औषध आहे का, ते लिहून देणारा आणि समजावून सांगणारा शिकलेला हात आहे का, आणि घरी येणारं कोणी आहे का. तिन्ही एकत्र असतील तर सेवा आहे. दोन असतील तर अर्धी आहे असं नाही म्हणता येत, बऱ्याचदा ती नसल्यातच जमा असते. तुम्ही जिल्ह्यांचा नकाशा काढणार असाल तर प्रत्येक जिल्ह्याला या तिन्हींचे वेगळे रंग द्या, एकच आकडा देऊ नका.

सरासरीबद्दलही सांगते. २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय क्रमवारीत, इकॉनॉमिस्टवाल्यांच्या, मरणाच्या काळातल्या देखभालीच्या दर्जात भारत ८० देशांत ६७ वा होता, ब्रिटन पहिला. सगळे पेपर हाच आकडा देतात, तुम्हीही द्याल. पण त्याच भारतात केरळ आहे, जिथे १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह सोसायटी सुरू केली, पुढे मलप्पुरम-कोझिकोडकडे शेजारपाजारच्या माणसांनीच आठवड्याचे दोन-तीन तास द्यायचे असं जाळं उभं राहिलं, आणि २००८ मध्ये राज्याने धोरण आणून पंचायतींना त्यात घेतलं, पंचायतीची नर्स घरी जाते. देशातल्या पॅलिएटिव्ह केंद्रांचा फार मोठा भाग एकट्या केरळात आहे. महाराष्ट्राचं धोरण २०१२ चं, कर्नाटकाचं २०१६ चं. केरळ धरून काढलेली सरासरी मध्य प्रदेशाला लागू नाही आणि केरळालाही नाही. मी मलप्पुरमच्या बाजूला एका नर्सबरोबर दिवसभर जीपमधून फिरले होते, सहा घरं झाली त्या दिवशी, आणि प्रत्येक घरी तिला रस्ता दाखवायला शेजारचा कोणीतरी मुलगा आधीच कोपऱ्यावर उभा असायचा. तो मुलगा कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही. म्हणून 'केरळ मॉडेल इकडे आणा' असं शेवटच्या चॅप्टरमध्ये लिहिण्याआधी तो मुलगा इंदूरच्या कॉलनीत कुठून आणायचा याचा विचार करा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते स्पष्ट सांगते, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू नाही. तुमच्या गाइडना देशभराचं चित्रच हवं असेल तर ते टेबलावर बसून, कागदपत्रांवरून करा, फॉर्म पाठवून नको. गाइड मोकळे असतील तर देशाचं चित्र एका चॅप्टरपुरतं ठेवा आणि एक जिल्हा खोलात करा. राज्यांची तुलनाच करायची असेल तर भाषा येत असलेली राज्यं घ्या. तुम्हाला मराठी आणि हिंदी दोन्ही येतात, म्हणजे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही जोडी तुमच्या हातातली आहे, इंदूर आणि पलीकडचा जळगाव किंवा धुळे, एका बाजूला जुनं धोरण असलेलं राज्य आणि दुसऱ्या बाजूला आपलं. आणि परवानगी किती लवकर मिळते यावर तर सगळंच अवलंबून आहे. तुमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं पत्र आधी, ते हातात आल्यावर सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकारी साहेबांचं, जिल्हा हॉस्पिटलसाठी सिव्हिल सर्जनचं वेगळं. या तिन्हींत दोन महिने जातात असं धरून चला आणि त्या दोन महिन्यांत टेबलावरचं काम उरका.

टेबलावर काय काय मिळतं? नॅशनल हेल्थ मिशनच्या साइटवर प्रत्येक राज्याचे रेकॉर्ड ऑफ प्रोसीडिंग्ज असतात, आरओपी, म्हणजे कुठल्या राज्याने काय मागितलं आणि काय मंजूर झालं. त्यात पॅलिएटिव्हची ओळ शोधा, तीन-चार वर्षांची ओळ एकाखाली एक लिहून काढा, तिथेच अर्धी गोष्ट कळते. मंजूर झालेलं आणि खर्च झालेलं यात फरक असतो, खर्चाचा आकडा सहज मिळाला नाही तर राज्याच्या मिशनला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. अर्जात 'सेवा समाधानकारक आहे का' असलं काही विचारू नका, मत विचारलं की उत्तर मिळत नाही. अमुक वर्षाच्या खर्चाच्या तक्त्याची प्रत द्या, आरएमआय मान्यता दिलेल्या संस्थांची यादी द्या, असा कागद मागा. लोकसभा-राज्यसभेत या कार्यक्रमावर खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्रालयाची उत्तरं ऑनलाइन आहेत, राज्यवार तक्ते कधी कधी तिथे फुकट मिळतात. आणि कुठलीही केंद्रांची यादी मिळाली तर ती तशीच्या तशी वापरू नका, प्रत्येक नंबरला फोन करा. पण फोनवर रुग्णाचे नातेवाईक बनून बोलू नका, नाव आणि काम सांगूनच विचारा, समोरची सिस्टर आधीच कामात बुडालेली असते आणि तिचा वेळ फसवून घेणं बरोबर नाही.

आणखी एक टेबलावरचं काम, जे बहुतेक जण करत नाहीत. गरज किती आहे हे आधी काढा, मग सेवा किती ते बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर लागते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना मिळते. हे वाक्य प्रस्तावनेत शोभतं, पण जिल्ह्याच्या कामाला आकडा लहान करून घ्यायला लागतो. एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३०,००० लोकांसाठी असतं. आपल्याकडे हजारी साधारण ६ मृत्यू धरले तर तिथे वर्षाला १८० माणसं जातात. त्यातली निम्मी जरी अपघात-अचानक नव्हे तर लांबलेल्या आजाराने गेली असं गृहीत धरलं, तरी ९० घरं झाली. आता त्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये वर्षात किती पॅलिएटिव्ह रुग्ण नोंदलेत ते बघा. चार असतील तर बाकीची ८६ घरं कुठे आहेत हा तुमचा रिसर्च. ते 'निम्मी' हे तुमचं गृहीतक आहे असं स्पष्ट लिहा, कारण देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले साधारण २२ टक्केच असतात, २०२० चा आकडा आहे हा, त्यामुळे कारणांवरून नेमकं मोजायला आपल्याकडे पाया कच्चा आहे. आणि ही ८६ घरं फक्त कॅन्सरची नसतात. अर्धांगवायू, किडनी, दम्याने थकलेली फुप्फुसं, हार्ट फेल्युअर, स्मृतिभ्रंश, कंबरेखाली लुळी पडलेली तरणी मुलं. फक्त कॅन्सर वॉर्डातून रुग्ण शोधलेत तर हे सगळे निसटतील.

इथपर्यंतचं एका ओळीत सांगायचं तर, 'आहे का' ऐवजी 'शेवटचं कधी', देश कागदावरून आणि जिल्हा पायाने, आणि औषध-हात-घरभेट वेगवेगळं मोजा. आता घरात जाण्याबद्दल, कारण खरं तेच अवघड आहे.

मी एक घर सांगते. लोकमान्य नगरच्या बाजूला, मराठीच कुटुंब, आजींना तोंडाचा कॅन्सर, सून सगळं बघायची. मॉर्फिनची साधी गोळी चार तासच टिकते, म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहाला एकेक आणि रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला लागत नाही, असं दिवसाला सहा गोळ्या. सोबत पोट साफ व्हायची गोळी, ती विसरायची नाही. सुनेने भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक पेनाने टिका केल्या होत्या, रोजच्या पाच. एकादशी-चतुर्थीच्या वरून, दुधाच्या हिशोबाच्या बाजूने. मी ते पान बघत होते तर एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत टिका भरलेल्या आणि अकरा, बारा, तेरा, चौदा कोरे. पंधरापासून परत सुरू. मी विचारलं तर म्हणाली, चौदा दिवसांच्या ८४ गोळ्या लिहिल्या होत्या, पण तिथे स्टॉक कमी होता म्हणून साठच दिल्या. मग त्या चार दिवसांत काय केलं? काही नाही हो ताई, आई रात्रभर भिंतीला डोकं टेकून बसायच्या, मी पाठ चोळायचे.

आता हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये हेच कसं दिसतं ते बघा. रुग्ण एक, मॉर्फिन दिलं, संख्या साठ, पुढची तारीख पंधरा. तुमच्या टेबलमध्ये ती 'सेवा मिळालेली' रुग्ण आहे. ते चार कोरे चौकोन फक्त त्या भिंतीवर होते. म्हणून म्हणते, दहा घरं जरी केलीत तरी घरात औषधाचा हिशोब कुठे ठेवतात ते विचारा, कॅलेंडर, वहीचं मागचं पान, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, सगळं. आणि तो हिशोब हॉस्पिटलच्या नोंदीशेजारी ठेवा. खर्चही तिथेच कळतो. आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती झाल्यावर चालतं, घरी पडलेल्या माणसाचे डायपर, एअर मॅट्रेस, ऑटोचं भाडं यांना ते लागत नाही, आणि कुटुंब थकतं ते याच खर्चाने.

दुखणं कसं विचारायचं? शून्य ते दहा ही पट्टी कागदावर असू द्या, पण ऐंशीच्या पुढच्या माणसाला 'दहापैकी किती' विचारलं की ती गप्प बसतात किंवा आपल्याला बरं वाटावं म्हणून पाच म्हणतात. मी सोळा आण्यांतलं विचारते. रुपयातलं किती आणे दुखतंय आजी? लगेच उत्तर येतं, बारा आणे, काल चौदा होतं. ही काही प्रमाणित पट्टी नाही, थिसिसमध्ये प्रमाणितच वापरा, पण बोलणं यातून सुरू होतं. आणि 'वेदना' हा शब्द घरात कोणी वापरत नाही. ठणका आहे, कळ आहे, आग होते, चमक येते, ओढल्यासारखं होतं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आग आणि मुंग्या म्हणाले तर नसेचं दुखणं असू शकतं आणि त्याला औषधही वेगळं लागतं. म्हणून उत्तर त्यांच्या शब्दांत लिहा, लगेच इंग्रजी करू नका. तसंच 'तुम्हाला पॅलिएटिव्ह केअर मिळते का' हे घरी विचारून उपयोग नाही, तो शब्दच कोणाला माहीत नसतो. दुखणं कमी करायला, जखम धुवायला घरी कोणी येतं का, रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करता, असं विचारा. रात्रीचा प्रश्न सोडू नका. उत्तर बहुतेक वेळा 'कोणालाच नाही' असं येतं आणि ते तसंच लिहा.

दारातच मुलगा किंवा जावई बाजूला घेऊन सांगेल, बाबांना माहीत नाहीये, कॅन्सर शब्द काढू नका. निम्म्या घरांत तरी मला हे ऐकायला लागलंय. अशा वेळी तुमच्या संमतीपत्राचं काय करणार हे आधी ठरवून ठेवा, कारण त्यावर जर 'कॅन्सर रुग्णांचा अभ्यास' असं छापलेलं असेल तर तुम्ही तो कागद हातात देताच सगळं उघड झालं. 'दीर्घ आजार असलेल्यांची देखभाल' असं शीर्षक ठेवा, ते खोटंही नाही आणि कोणाला जखमही करत नाही. आणि मग रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल काय माहीत आहे हे त्याच्याच तोंडून ऐका, तुम्ही भर घालू नका. पुष्कळदा बाबांना सगळं माहीत असतं आणि तेही मुलाला सांगत नसतात.

ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्याशी बोलणार असाल तर तेराव्याच्या आधी नाहीच, मी तीन महिने तरी थांबते, आणि वर्षश्राद्धाच्या आसपासचे दिवसही टाळते. तुमच्या स्वतःच्या घरालाही हे लागू आहे. आजोबांचं जाणं अजून ताजं आहे, पहिल्या एक-दोन मुलाखतींना कोणीतरी अनुभवी माणूस बरोबर घ्या आणि घरी आल्यावर कोणाशी तरी बोला.

आणि शेवटचं, जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या सर्व्हेच्या वेळी एका घरात एक गृहस्थ कण्हत होते, पाठीच्या मणक्यात गाठ होती. मी चाळीस मिनिटं बसून फॉर्म भरला, एक रकाना सोडून सगळे पूर्ण केले, आभार मानले आणि निघाले. त्या गावातून शंभरेक किलोमीटरवर मॉर्फिन देणारं केंद्र होतं, मला ते माहीत होतं, पण सर्व्हेत मदत करायची नाही, 'डेटावर परिणाम होतो' असं आम्हाला सांगितलेलं. दोन आठवड्यांनी तो राहिलेला रकाना भरायला परत गेले तर घराला कुलूप होतं, शेजारच्यांनी सांगितलं ते गेले, शेवटचे दिवस फार ओरडायचे. तो फॉर्म मी जमा केला, त्या टेबलात तो आकडा आहे अजून. पण तेव्हापासून मी कुठल्याही अभ्यासात असले तरी मदतीचा रस्ता आधी बांधते आणि मग प्रश्न विचारते, आणि एथिक्स कमिटीसमोर हे लिहून देते, की त्रासात सापडलेल्या रुग्णाला आम्ही अमुक ठिकाणी जोडून देणार. कुठलीही चांगली कमिटी याला नाही म्हणत नाही.

तेव्हा पहिल्या घरी जायच्या आधी एक काम करा. तुमच्या जिल्ह्यात आज, या आठवड्यात, मॉर्फिन खरंच कुठे मिळतं, ओपीडी कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, सोबत कोणते कागद लागतात, तिथल्या सिस्टरना किंवा सोशल वर्करना फोन किती वाजेपर्यंत चालतो, हे स्वतः जाऊन बघून या आणि मोठ्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहा, हिंदीत एक आणि मराठीत एक. पन्नास झेरॉक्स काढा. प्रश्नावलीच्या आधी ती चिठ्ठी घरच्यांच्या हातात द्या आणि फ्रिजवर किंवा देवाच्या फोटोशेजारी तुमच्यासमोरच चिकटवून घ्या, नाहीतर ती हरवते.